गुडघा टेकवायला जाताना

(मोटरसायकल घेऊन पहिल्यांदाच ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका, सचित्र नसलेली)

पायरी पहिली : गाडी उघडी करा

आधी दोन्ही आरसे काढा. पुणेकराला हे जड जाऊ नये. आरसा भांग पाडण्यासाठी असतो आणि मागचा त्याचं तो बघून घेईल, या दोन तत्त्वांवर त्याचं लहानपणापासून पोषण झालेलं असतं. गंमत म्हणजे ट्रॅकवरही दुसरं तत्त्व जसंच्या तसं लागू आहे. मागून येणाऱ्यानं पुढच्याला सांभाळायचं, पुढच्यानं मागे वळून बघायचं नाही. म्हणजे निम्मं शिक्षण घरीच झालं.

मग हेडलाइट, टेललाइट आणि चारही इंडिकेटरवर चिकटपट्टी मारा, आडवी-उभी, सढळ हातानं. गाडी पडली तर काचांचा सडा रस्त्यावर पडू नये, एवढ्यासाठी. ‘पडली तर’ या शब्दांपाशी जरा थांबा, आवंढा गिळा आणि पुढची पट्टी फाडा.

लिक्विड कूल्ड गाडी असेल तर कूलंट काढून साधं डिस्टिल्ड वॉटर भरावं लागतं. कूलंटमधलं ग्लायकॉल डांबरावर सांडलं की तेलासारखं निसरडं होतं आणि धुतल्यानंही लवकर जात नाही. ब्रेकची पॅडं बघा, ब्रेक ऑइल बदलून घ्या, चेन किती सैल आहे ते बोटानं उचलून बघा. टायरमधली हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवतात, कारण दोनचार फेऱ्यांत टायर तापतो आणि आतली हवा फुगते. ही गोष्ट पंपावरच्या पोराला समजावायला जाऊ नका. तो ‘पुढे तीस, मागे पस्तीस’ एवढंच जाणतो आणि तेवढ्यावर त्याचं उत्तम चाललेलं आहे.

हॉर्नला काही करायची गरज नाही, असं मला सांगण्यात आलं होतं. यावर पुढे बोलू.

पायरी दुसरी : घरी सांगा

‘शर्यत आहे का?’

‘नाही गं. नुसतं गोल फिरायचं असतं.’

‘मग नंबर कसा काढतात?’

‘नंबर नसतो.’

‘बक्षीस?’

‘नाही.’

‘पैसे तरी ते देतात ना?’

‘आपण द्यायचे.’

आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मी दहावीला गणितात किती मार्क पाडले होते ते तिला आठवत असावं. या पायरीवर यापेक्षा जास्त प्रगती कुणाचीच होत नाही, तेव्हा पुढे चला.

पायरी तिसरी : कातडं चढवा

माझं शहर हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणारं. आमच्याकडे हेल्मेट हे कोपराचं संरक्षण करण्यासाठी असतं, निदान बहुसंख्य लोक ते तिथेच अडकवतात. अशा माणसाला ट्रॅकवर आधी नखशिखांत बांधून काढतात. पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, मनगटाच्या वर येणारे हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट, पाठीला कासवासारखी ढाल आणि या सगळ्याला सामावून घेणारा अखंड चामड्याचा सूट. कापड डांबरावर घासलं की क्षणात फाटतं आणि मग तुमची पाळी येते. चामडं तेवढा वेळ तग धरतं. बाकी चामड्याच्या कौतुकात काही अर्थ नाही.

चामडं कशाचं, हे घरी विचारलं तर कांगारूचं म्हणून सांगा. महागड्या सुटांना खरंच कांगारूचं चामडं वापरतात आणि कांगारूवरून आपल्याकडे अजून कुणाच्या भावना दुखावलेल्या नाहीत.

सूट चढवणं म्हणजे पावसात भिजलेल्या पायांवर ओली जीन्स ओढणं, फक्त गळ्यापर्यंत. एकट्यानं जमत नाही. दुसऱ्यानं मागून खांदे धरून तुम्हाला सुटात हलवून बसवावं लागतं, पोत्यात गहू हलवून बसवतात तसं. सूट उभं राहण्यासाठी शिवलेलाच नसतो, तो गाडीवर ओणवं बसण्यासाठी शिवलेला असतो. त्यामुळे तो घालून चालणारा प्रत्येक माणूस कमरेत लचक भरल्यासारखा, पाय फाकवून, दोन्ही हात अधांतरी धरून चालतो. पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागच्या तयारीच्या जागेत, अशी चाळीस माणसं एकदम दिसली की अस्थिरोगतज्ज्ञाच्या दवाखान्याला सहल आल्यासारखं वाटतं.

सूट चढवण्याआधी एकदा जाऊन या. गरज नसली तरी जाऊन या.

पायरी चौथी : ठिकाण

आमच्या गाड्या जन्मल्या चाकणच्या कारखान्यात आणि आम्ही त्या घासायला नेल्या श्रीपेरुंबुदूरला. चौघांनी मिळून टेम्पो केला, गाड्या दोऱ्यांनी आवळून त्यात उभ्या केल्या आणि सुमारे बाराशे किलोमीटर पुढे पाठवून दिल्या. एरवी लग्न ठरलेल्या मुलीचं सामानही आम्ही इतक्या काळजीनं बांधलं नसतं.

ट्रॅक श्रीपेरुंबुदूरजवळ, चेन्नई-बंगळुरू महामार्गाच्या कडेला, इरुंगाट्टुकोट्टई नावाच्या गावात आहे. हे नाव एका दमात म्हणता आलं की तुम्ही निम्मे रायडर झालात. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा ट्रॅक १९९० सालचा. त्याआधी या क्लबच्या शर्यती शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या एका जुन्या धावपट्टीवर होत. पूर्ण फेरी ३.७१७ किलोमीटरची, वळणं बारा. वळणांना सी-वन, सी-टू अशी नुसती नावं दिलेली आहेत. पुण्यात असता तर एव्हाना बारा वळणांना बारा पुढाऱ्यांची नावं, बारा फ्लेक्स आणि निदान एका वळणावर वडापावची गाडी लागली असती. ज्यांना हा नको असेल त्यांना कोईमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे आहे, आणि उत्तरेत ग्रेटर नोएडाला ५.१२५ किलोमीटरचं बुद्ध सर्किट. तिथे २०११ साली फॉर्म्युला वन आणि २०२३ साली मोटोजीपी येऊन गेली. पहिल्यांदा जाणाऱ्यानं तिथल्या किलोमीटरभराच्या सरळ पट्ट्याच्या नादी लागू नये. सरळ जायला कुणालाही येतं. सरळ संपल्यावर काय, हा प्रश्न आहे.

पायरी पाचवी : झेंडे पाठ करा

सकाळी सातला सगळ्यांना शेडमध्ये बसवून झेंड्यांचा वर्ग घेतात. मन लावून ऐका, कारण इथे एक मूलभूत गोंधळ होण्याचा संभव आहे. आपल्याकडे पिवळा रंग दिसला की अंगात वारं शिरतं आणि मूठ पिळली जाते. ट्रॅकवर पिवळ्या झेंड्याचा अर्थ असा की पुढे कुणीतरी पडलंय, ओव्हरटेक करायचं नाही, सांभाळून या. पिवळ्यावर तांबडे उभे पट्टे म्हणजे रस्त्यावर तेल किंवा पाणी. निळा म्हणजे मागून तुमच्यापेक्षा वेगवान माणूस येतोय. तांबडा म्हणजे सत्र थांबलं, सगळ्यांनी हळूहळू पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेरच्या गाड्यांच्या थांब्यावर, परत. काळा झेंडा तुमच्या नंबरासकट दाखवला तर तुम्ही एकट्यानं परत. चौकडीचा म्हणजे वेळ संपली.

निळ्याबद्दल एक खुलासा. निळा दिसला म्हणून बाजूला सरकू नका. आपल्या वाटेनं, आपल्या चालीनं जात राहा, मागचा त्याची वाट काढतो. एखादा माणूस वेगानं येतोय, आपण निमूटपणे आपल्या मार्गानं जातोय, तो कट न मारता, शिवी न देता पुढे जातोय, असा अनुभव मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे घेतला. पहिल्यांदा तर मी त्याच्याकडे बघून हात वर केला, आभार म्हणून. हात वर करणं म्हणजे ‘मी पिटमध्ये शिरतोय’ अशी खूण असते. मागच्या तिघांनी ब्रेक मारले.

पायरी सहावी : पाणी प्या

चेन्नई आहे ती. पीत राहा.

पायरी सातवी : वळण

नवशिक्यांच्या गटाला पंधरावीस मिनिटांची सत्रं देतात आणि पहिल्या फेऱ्या इन्स्ट्रक्टरच्या मागे बदकांच्या पिल्लांसारख्या काढायला लावतात. त्या बघण्यासाठी असतात, पळवण्यासाठी नाही. त्याचं मागचं चाक जिथून जातं तिथून तुमचं पुढचं चाक गेलं पाहिजे, एवढंच काम.

तो जातो ती वाट आधी खुळचट वाटते. वळण उजवीकडे आहे आणि हा गाडी डाव्या कडेला नेतोय. मग आत, अगदी आतल्या कडेला घासून, आणि मग पुन्हा बाहेर डावीकडे. बाहेर-आत-बाहेर. असं केल्यानं वळणाची त्रिज्या वाढते आणि त्याच वेगात गाडीला कमी कलावं लागतं. आपला रिक्षावाला आत-आत-आत या पद्धतीचा पुरस्कर्ता आहे. पण पेठेतल्या बोळातून लांबलचक बस वळवणाऱ्या ड्रायव्हरला विचारा, तो हे शास्त्र रोज पंचवीस वेळा करतो आणि त्याला कुणी चामड्याचा सूट देत नाही.

कलण्याचा हिशेब सोपा आहे आणि तो आदल्या रात्री करू नये. पन्नास मीटर त्रिज्येच्या वळणातून ताशी ८० किलोमीटरनं जायचं तर साधारण ४५ अंशांत कलावं लागतं. मी केला होता हिशेब. मग कंपासपेटीतला गुण्या काढून ४५ अंश म्हणजे किती ते पाहिलं. मग झोप आली नाही.

आता ब्रेक. आपल्या प्रत्येकाला सायकल शिकताना कुणीतरी काकांनी सांगितलेलं असतं की पुढचा ब्रेक मारू नकोस, पालथा पडशील. काका चुकले नव्हते, पण काका ट्रॅकवर गेले नव्हते. ब्रेक लागला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं, आणि हलक्या चाकानं गाडी थांबत नाही. तिथे जवळजवळ सगळं काम पुढच्या ब्रेकचं. फक्त तो हिसका देऊन दाबायचा नाही, लिंबू पिळतात तसा पिळायचा. आधी हलकेच, रस यायला लागला की जोरात, आणि वळणात शिरताना पुन्हा सोडत सोडत. बी पडू द्यायची नाही.

हँडल धरण्याबद्दल मला जे समजलं ते पॅडॉकमध्ये नाही, घरी येऊन आईला पोळ्या लाटताना बघून समजलं. लाटण्यावर हात नुसता ठेवलेला असतो. दाबला की पोळी पोळपाटाला चिकटते, सैल ठेवला की आपली आपण गोल फिरते. गाडीही तशीच फिरते. मांड्यांनी टाकी घट्ट धरायची, हात मोकळे ठेवायचे. मी पहिल्या सत्रात हँडल असं धरलं होतं की ते पळून जाणार आहे अशी खबर मला लागली असावी. खाली उतरल्यावर बाटलीचं बूच उघडता येईना. ते मला मुंबईहून आलेल्या एका आजोबांनी उघडून दिलं. ते वेगवान गटात होते.

आणखी एक विचित्र गोष्ट. वेगात उजवीकडे जायचं असेल तर उजवी मूठ पुढे ढकलायची असते. पुढे म्हणजे खरंच पुढे. त्यानं चाक क्षणभर डावीकडे जातं आणि गाडी उजवीकडे कलते. सगळेच जण न कळत हे करतात आणि सगळेच जण शपथेवर नाकारतात, ‘मी तर अंग झुकवतो’ म्हणतात. कीथ कोड नावाच्या अमेरिकन गुरुजींनी या वादावर एक गाडी बनवून घेतली. तिला फ्रेमवर घट्ट बसवलेलं दुसरं हँडल आहे, त्यालाही ॲक्सिलरेटर आहे. ते धरा आणि अंग कितीही झुकवा, गाडी जेमतेम हलते. त्याच कोड यांनी १९८३ सालच्या ‘अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट’ या पुस्तकात मांडलं की रायडरचं लक्ष म्हणजे खिशातली दहा डॉलरची नोट. एका गोष्टीवर जास्त खर्च केलंत की दुसरीला उरत नाही.

माझ्या नोटेचा त्या दिवशीचा जमाखर्च असा. सुटाच्या गळपट्टीला तीन डॉलर, सांबार जास्त झालं त्याला दोन, मागून कोण येतंय (आरसा नसताना आरशाच्या जागी बघणं) याला तीन, फोटोग्राफर कुठल्या वळणावर उभा आहे याला दीड. उरलेल्या पन्नास सेंटांत मी ताशी १०० किलोमीटरनं मोटरसायकल चालवत होतो, म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर.

आणि इथे तो हॉर्न. चौथ्या फेरीत सरळ पट्ट्यावर माझ्या पुढे एक रायडर आला, तोही माझ्याइतकाच घाबरलेला. त्याला ओलांडायची संधी होती आणि नियमानुसार परवानगीही होती. मी शेजारी आलो आणि वीस वर्षांच्या सवयीनं डाव्या अंगठ्यानं आपलं काम केलं. पीप. दोनदा. त्याचं हेल्मेट गर्रकन माझ्याकडे वळलं. सत्र संपल्यावर झेंड्यांचा वर्ग घेणारे गृहस्थ शेडमध्ये आले आणि त्यांनी शांतपणे विचारलं, ‘पुण्याहून कोण कोण आलंय?’

पायरी आठवी : बाहेर कसं जावं

जिकडे बघाल तिकडे जाल, हे वाक्य दिवसभरात निदान पन्नास वेळा ऐकायला मिळतं. हे खरं आहे, रस्त्यावरही. खड्डा चुकवायचा म्हणून खड्ड्याकडे बघत राहणारा माणूस शेवटी खड्ड्यातच जातो. म्हणून वळणात शिरायच्या आधीच मान वळवून ते जिथे सुटतं तिथे बघायचं.

दुपारच्या सत्रात एका डाव्या वळणावर, बाहेरच्या बाजूला टायरच्या भिंतीमागे, एक मार्शल बसला होता. प्लास्टिकची खुर्ची, डोक्याला ओला पंचा, हातात स्टीलचा चहाचा पेला. मी वेगात जरा जास्तच आलो होतो, घाबरलो आणि त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. पेल्यावरची फुली मला स्पष्ट दिसली, कुणाचा पेला ते कळावं म्हणून नेलपॉलिशनं काढलेली लाल फुली. ती अधिकाधिक स्पष्ट होत गेली. गाडी डांबर सोडून गवतात शिरली, खडखडाट झाला, मी जीव मुठीत धरून हँडल सरळ ठेवलं आणि पुढच्या ब्रेकवरून बोट उचललं. ही एकच गोष्ट त्या दिवशी मी बरोबर केली. गवतात पुढचा ब्रेक मारणारा तिथेच आडवा होतो.

गाडी थांबली तेव्हा भिंत दहाएक फुटांवर होती. मार्शल उठला. त्यानं पेला टायरवर नीट ठेवला, सांडणार नाही अशा बेतानं, मग पिवळा झेंडा उचलून दाखवला आणि दुसऱ्या हातानं मला खूण केली, थांब. मागचे सगळे जाऊ दिले. मग खूण केली, जा. मी निघालो तेव्हा तो पुन्हा बसत होता. चहा गार झाला नसावा.

असं बाहेर जाऊन आल्यावर थेट पिटमध्ये यायचं असतं, टायरला खडी-माती चिकटलेली असते आणि गाडीचं काही सैल झालं का ते बघून घेतात. इन्स्ट्रक्टरनं टायरवरून हात फिरवला, गवताची एक काडी काढून माझ्या हातात ठेवली. ‘ब्रदर, मार्शल चांगला माणूस आहे. पण भेटायला संध्याकाळी जा.’

पायरी नववी : गुडघा

आता मुख्य मुद्दा. कुणीही काहीही म्हणो, ट्रॅकवर जाणारा प्रत्येक माणूस गुडघा टेकवायला जातो. वळणात गाडीवरून अर्धं शरीर आत काढायचं आणि गुडघा डांबराला लावायचा. सत्तरीच्या दशकाअखेर अमेरिकेच्या केनी रॉबर्ट्सनं ही शैली लोकप्रिय केली, १९७८ ते १९८० सलग तीनदा ५०० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं आणि गुडघ्याचं चामडं टिकावं म्हणून त्यावर चिकटपट्टीचे थर लावले. आता सुटाला वेल्क्रोनं चिकटवायची प्लास्टिकची वाटी मिळते, तिला स्लायडर म्हणतात. ‘गुडघ्याची वाटी’ हा शब्द मराठीत आधीपासून होताच. आपण फक्त दुसरी विकत घ्यायची.

इन्स्ट्रक्टर सांगतात की गुडघा टेकवणं हा हेतू नव्हेच. शरीर आत नेलं की त्याच वेगात गाडीला कमी कलावं लागतं, हा हेतू. गुडघा नुसती मोजपट्टी, आपण किती कललोय ते सांगणारी. हे ऐकताना सगळे मान डोलवतात आणि आपापल्या वाट्यांकडे बघतात. शेवटच्या सत्रात मी ढुंगण पुरेसं बाहेर काढलं, गुडघा उघडला, डोकं आरशाच्या जागी नेलं (‘आरशाचा मुका घ्या’ असं शिकवतात, आरसे टेम्पोत पोत्यात होते) आणि त्या स्थितीत एका वळणातून गेलो. गुडघ्याला वारा लागत होता. डांबर कुठे आहे ते कळेना. तेवढ्यात बाहेरच्या बाजूनं एक मुलगी पुढे गेली, अकरावी-बारावीची असेल, दीडशे सीसीच्या गाडीवर, आणि तिचा गुडघा डांबराला लागून खरर्र असा आवाज करत होता. कुणीतरी किसणीवर खोबरं किसतंय तसा.

संध्याकाळी फोटोग्राफरनं फोटो दाखवले. माझ्या मनात मी जमिनीला समांतर होतो. फोटोत मी चहाच्या टपरीवर साइड स्टँडला लावलेल्या गाडीवर बसलेल्या माणसासारखा होतो, फक्त एक गुडघा बाहेर, लघवीला चाललेल्या कुत्र्यासारखा.

या वेळी काही अनुभवी लोक तुम्हाला हळूच एक युक्ती सांगतील. वाटी हॉटेलच्या जिन्याच्या कडेवर घासा, नाहीतर रंगारी वापरतो तो पॉलिश पेपर आणा, पाच मिनिटांत छान ओरखडे उठतात. ओरखडे एकाच दिशेनं उठवा, गोल गोल घासू नका, जाणकार ओळखतो. मी पॉलिश पेपर आणला नाही. हॉटेलचा जिना संगमरवरी होता.

पायरी दहावी : घरी या

सूट उन्हात वाळवू नका, चामडं कडक होतं. सावलीत, हँगरला, चेन उघडी ठेवून टांगा.

आईनं तो मागच्या गॅलरीत टांगलेला पाहिला. जवळ गेली, बाही धरून बघितली, वास घेतला, नाक मुरडलं. मग गुडघ्यापाशी वाकली आणि वेल्क्रो टर्रकन ओढून वाटी काढली. उजेडात धरून दोन्ही बाजूंनी नीट पाहिली, अंगठा फिरवला.

‘हे तर कोरं करकरीत आहे रे,’ ती म्हणाली. ‘पावती ठेवलीयेस ना?’